पाल्याचे शिक्षण आणि पालकांचा वाटा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मोर्शी येथे आयोजित पालक मेळाव्यातील व्याख्यान)



संस्थेच्या आयुष्यातील पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्यांचा काळ. पन्नास वर्षांपूर्वी आईचे बोट धरून पाठशाळेत येणारी मुले आज स्वतः आजी-आजोबा झाली आहेत आणि त्यांच्या नातवंडांची दप्तरे त्यांच्या काळातील दप्तरांच्या तिप्पट जड झाली आहेत. अशा मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना पुढच्या पिढीचा विचार करणे, हेच सुवर्णमहोत्सवाचे खरे सार्थक होय. म्हणून आजच्या या मेळाव्यासाठी निवडलेला विषय अत्यंत समयोचित आहे. मुलांच्या शिक्षणात आणि त्यांच्या सुखदुःखात आई-वडिलांचा वाटा नेमका कोणता, हा तो विषय.

फी भरली म्हणजे झाले काय?

मोर्शी ही संत्र्यांच्या बागांची आणि व्यापारउदिमाची भूमी. येथील बहुसंख्य कुटुंबांचा दिवस दुकानाच्या किंवा शेतीच्या वेळापत्रकाने चालतो. सकाळी वडील दुकानाचे शटर उघडतात, तेव्हा मूल शाळेच्या तयारीत असते. रात्री शटर पडून हिशेब जुळेपर्यंत ते झोपी गेलेले असते. विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडते. त्या वेळी फी, गणवेश, वह्या-पुस्तके आणि शिकवणी यांची व्यवस्था वडील मोठ्या हौसेने, प्रसंगी कर्ज काढूनही करतात. त्यानंतर थेट निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात घेतात. या दोन दिवसांच्या मध्ये जे दहा महिने जातात, त्यांत मुलाच्या मनात काय चालले आहे, हे पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते.

यात प्रेमाचा अभाव मुळीच नाही. कष्ट करणारा बाप मुलांसाठीच कष्टत असतो. परंतु पैसा पुरविणे म्हणजे पालकत्व पूर्ण करणे, असा एक समज समाजात नकळत रुजला आहे. शाळेला फी दिली, शिकवणीला फी दिली, आता मुलाने गुण आणावेत, असा जणू व्यवहार ठरून गेला आहे. दुकानात माल भरला की विक्री होते, हा हिशेब लेकरांना लागू पडत नाही. मुलाच्या शिक्षणात आई-वडिलांनी घालावयाचे खरे भांडवल म्हणजे वेळ आणि लक्ष. हे भांडवल कोणत्याही शिकवणीवर्गात विकत मिळत नाही, आणि गरीब-श्रीमंत प्रत्येक घरात ते थोडेफार असतेच.

अमरावतीशी जोडलेली एक कहाणी

हा विचार नवा नाही. त्याची एक ठळक कहाणी आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. ताराबाई मोडक हे नाव महाराष्ट्रात बालशिक्षणाच्या संदर्भात आदराने घेतले जाते. १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाईंचा विवाह अमरावतीच्या एका वकिलांशी झाला आणि त्या अमरावतीच्या झाल्या. पुढे आयुष्याला वेगळे वळण लागले. पदरी लहान मुलगी होती आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न समोर होता. राजकोटला महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव घेऊन १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाईंची वाटही घरातूनच सुरू झाली होती. ते मूळचे काठियावाडातील वकील. मुलाचा जन्म झाला आणि त्याला कसे वाढवावे, कसे शिकवावे, या चिंतेतून त्यांनी बालशिक्षणाची पुस्तके वाचावयास घेतली. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी ते भारावून गेले. चालती वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना कौतुकाने 'मिशीवाली आई' म्हणू लागले. एक वकील आणि एक पदवीधर स्त्री, या दोघांनाही शिक्षणक्षेत्राकडे नेणारा प्रश्न एकच होता : 'घरातल्या या लेकराचे कसे होईल?' प्रत्येक आई-बापाच्या मनात येणारा हा प्रश्न त्यांनी शाळेवर सोपवून दिला नाही, स्वतः अंगावर घेतला.

या दोघांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मुलांना शिकविण्याआधी मोठ्यांना शिकविले पाहिजे, हे दोघांनीही ओळखले होते. म्हणूनच 'शिक्षणपत्रिका' हे मासिक त्यांनी शिक्षकांइतकेच पालकांसाठीही चालविले. मराठी आवृत्तीची जबाबदारी ताराबाईंनी सांभाळली. मुलाला मारू नये, त्याला धाक दाखवू नये, इतरांशी त्याची तुलना करू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, या गोष्टी आज सर्वमान्य वाटतात. त्या काळी मात्र छडी लागल्यावाचून विद्या येत नाही अशीच सर्वांची ठाम समजूत होती.

पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी काम आरंभले. अनुताई वाघ यांची त्यांना आयुष्यभराची साथ मिळाली. शाळा उघडली, पण पाड्यावरची मुले येईनात. कारण शोधले तेव्हा कळले, की मोठ्या मुलीला धाकटे भावंड सांभाळावे लागते आणि मुलाला गुरे राखावी लागतात. तेव्हा ताराबाईंनी आई-बापांना दोष दिला नाही. शाळाच उठून पाड्याच्या अंगणात गेली. गुरे चरतात त्या कुरणात कुरणशाळा भरू लागली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ या अंगणात आहे. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले आणि १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण या किताबाने गौरविण्यात आले.

या कहाणीतून घेण्यासारखा बोध सरळ आहे. मूल जेथे आहे तेथे मोठ्यांनी जावे. शाळा मुलाच्या अंगणापर्यंत जाऊ शकते, तर बापाला दुकानातून उठून मुलाच्या खोलीपर्यंत, आणि वर्षातून चार वेळा त्याच्या शाळेपर्यंत, जाणे अशक्य कसे असेल?

'आम्हांला काय समजते?'

येथे अनेक पालक, विशेषतः माता-भगिनी, एक अडचण सांगतात. मुले इंग्रजी माध्यमात, अभ्यासक्रम रोज बदलणारा, आपले शिक्षण बेताचे. तेव्हा अभ्यास घेणार कसा? ही अडचण खरी आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. तरीही जेवणाचे ताट नसले तर हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे ते गावोगावच्या कीर्तनांतून आई-बापांना बजावत राहिले. स्वतः न शिकलेला माणूस शिक्षणाचा एवढा मोठा पाठीराखा होऊ शकतो, याचे दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही. पाठीराखा होण्यासाठी पदवी लागत नाही.

मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातील इंग्रजी आईला वाचता आले नाही, तरी 'आज काय शिकवलं, ते मला मराठीत सांग,' एवढे तिला म्हणता येते. घरची बोली मारवाडी, हिंदी, गुजराती किंवा वऱ्हाडी असेल तर त्या बोलीत सांग म्हणावे. जे मुलाला स्वतःच्या भाषेत समजावून सांगता येते, ते त्याला समजले. जे सांगता येत नाही, ते केवळ पाठ झाले. ही परीक्षा घेण्यासाठी आईला इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. उलट, आईला शिकविताना मूल जे शिकते, ते सहसा विसरत नाही. तसेच दुकानातील वजनमाप, टक्केवारी, नफा-तोटा, उधारीचे व्याज, संत्र्याच्या बागेतील झाडांची संख्या आणि फळांचा अंदाज हे घरचे गणित पाठ्यपुस्तकातील गणिताहून अधिक जिवंत आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाला आणि तितक्याच आवर्जून मुलीलाही गल्ल्याशेजारी बसवून ते दाखविणे, हाही अभ्यासच होय.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अभ्यास घेणे, डबा भरणे, शाळेच्या सभेला जाणे ही सारी कामे आईकडे आणि निकालाच्या दिवशी रागावण्याचे काम तेवढे वडिलांकडे, अशी वाटणी अनेक घरांत झालेली दिसते. ती बदलली पाहिजे. ज्या मुलांना वडील केवळ रागावताना भेटतात, ती मुले अडचणीच्या वेळी वडिलांकडे येत नाहीत.

घरातील अर्धा तास

मग वेळ काढावा कोठून? जैन कुटुंबांत याचे उत्तर घरातच आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची परंपरा ज्या घरांत पाळली जाते, तेथे संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसण्याची एक वेळ आपोआप ठरलेली आहे. पण वडिलांचा डबा दुकानावर जातो, मुलगा शिकवणीला पळतो, मुलगी मोबाईल समोर ठेवून जेवते, आणि शेवटी आई एकटीच बसते, असे चित्र वाढते आहे. आठवड्यातून निदान चार दिवस सर्वांनी त्या वेळी एका पंगतीला बसावे. दुकान अर्धा तास मदतनिसावर किंवा भावावर सोपवावे. शिकवणीची वेळ निवडताना हा अर्धा तास राखून ठेवावा. नियम आधीच आहे, त्याला नवीन अर्थ तेवढा द्यावयाचा आहे.

त्या अर्ध्या तासात काय बोलावे? 'अभ्यास झाला का?' आणि 'किती गुण मिळाले?' हे दोन प्रश्न वगळून काहीही बोलावे. गुणांची चौकशी आणि मनाची विचारपूस यांत मोठा फरक आहे. आज वर्गात कशाचे हसू आले, डबा कोणाबरोबर खाल्ला, कोणता तास कंटाळवाणा वाटला, कोणी चिडविले का, कोणाला मदत केली का, असे विचारले की मूल बोलू लागते. पहिल्या दिवशी 'काही नाही' एवढेच उत्तर येईल. आठव्या दिवशी ते दोन वाक्ये बोलेल आणि महिन्याभरात स्वतःहून सांगू लागेल. मात्र ते सांगत असताना मध्येच उपदेश सुरू केला, तर ते दार पुन्हा बंद होते.

झोपेचाही विचार व्हावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप आवश्यक असल्याचे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. रात्री बारापर्यंत जागणारे आणि पहाटे पाचला शिकवणीसाठी उठणारे मूल कष्टाळू दिसते; प्रत्यक्षात त्याची स्मरणशक्ती आणि स्वभाव दोन्ही थकत जातात.

मोबाईलचा प्रश्न तर प्रत्येक घराचा झाला आहे. 'असर' या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन हिसकावून घेण्याने हा प्रश्न सुटत नाही. जेवताना आणि झोपताना घरातील सर्वांचे फोन, वडिलांचा व्यापाराचा फोनसुद्धा, एका ठरलेल्या जागी ठेवावेत. मुले उपदेशाकडे कमी आणि मोठ्यांच्या वागण्याकडे अधिक पाहतात.

शाळेच्या दारात

पालकाचे दुसरे कार्यक्षेत्र शाळा हे होय. शाळेत जाण्याचा प्रसंग म्हणजे तक्रारीचा प्रसंग, असे समीकरण होऊन बसले आहे. शिक्षकांनी बोलाविले की पालकांच्या पोटात गोळा येतो आणि पालक आले की शिक्षक सावध होतात. जपानमध्ये शिक्षक आणि पालक यांच्यात संपर्कवही फिरते. मूल आज कसे होते, हे दोन ओळींत शिक्षक लिहितात आणि घरी कसे होते, हे पालक कळवितात. आपल्याकडील शाळांत विद्यार्थ्याची दैनंदिनी असतेच. तिच्यावर केवळ सही न करता कधी एखादी ओळ लिहिली, तरी शिक्षकाला मूल अधिक समजते. 'दोन दिवस आजी रुग्णालयात आहेत, त्यामुळे तो अस्वस्थ आहे,' एवढी एक ओळ मुलाला वर्गात उभे राहण्यापासून वाचवू शकते.

शिक्षकांना भेटल्यावर 'आमचा कितवा आहे?' या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारावेत. याला काय चांगले येते? कोठे अडते? घरी आम्ही काय करावे? आणि एक गोष्ट स्वतःहून सांगावी : घरी तो कशात रमतो.

कायद्यानेही पालकांना शाळेत स्थान दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद व नगर परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे ही या समितीची कामे. खासगी शाळांच्या फीसंबंधी महाराष्ट्राने २०११ साली कायदा केला. त्यात पालक-शिक्षक संघ आणि त्याच्या कार्यकारी समितीची तरतूद आहे व शाळेला फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. फी वाढली म्हणून चौकात चर्चा करणारे पुष्कळ असतात. संघाच्या सभेला मात्र खुर्च्या रिकाम्या राहतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे, हेही प्रत्येक पालकास ठाऊक असावे. 'मास्तर, खुशाल मारा, पण शिकवा,' असे म्हणण्याचा काळ संपला आहे.

ताण : बागेतला आणि मनातला

आता सर्वांत नाजूक विषय. मोर्शी-वरुडच्या संत्रा बागायतदारांना 'ताण' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. आंबिया बहार धरण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडतात, झाडाला ताण बसतो, मग पाणी सोडले की ते फुलोऱ्यावर येते. परंतु किती दिवस ताण द्यावयाचा, हे जमीन पाहून ठरते. हलक्या जमिनीतील झाडाला थोडे दिवस पुरतात, भारी जमिनीतील झाडाला अधिक लागतात. पाने किती कोमेजली हे शेतकरी रोज बागेत जाऊन पाहतो. ताण बेताबाहेर गेला तर बहार दूर राहतो आणि झाडच वाळते. शेजाऱ्याच्या बागेला तीस दिवस दिले म्हणून आपल्याही बागेला तीस दिवस देणारा बागायतदार शहाणा ठरत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र हाच शहाणपणा हरवतो. शेजारच्या मुलाला नीटमध्ये यश मिळाले, म्हणून आपल्याही मुलाला दहावी होताच अकोला, नागपूर, नाही तर थेट कोटा येथे पाठविले जाते. सोळा वर्षांचे मूल, परके गाव, एकटी खोली, मेसचे जेवण, आठवड्याला परीक्षा आणि भिंतीवर लागलेली क्रमवारी. याच वऱ्हाडात कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला, तेव्हाही मुले घर सोडूनच तेथे गेली. पण गुरुकुलात मुलांबरोबर राहणारी, जेवणारी, त्यांचा चेहरा ओळखणारी माणसे होती. आजच्या खोलीत कोण आहे, हा प्रश्न पाठविण्यापूर्वी विचारला पाहिजे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, निकालाची खोटी हमी देऊ नये, समुपदेशनाची व्यवस्था असावी, असे त्यांत म्हटले आहे. जाहिरातीतील छायाचित्रे पाहण्याआधी पालकांनी या गोष्टींची विचारणा करावी. त्याहूनही आधी मुलाला विचारावे : तुला हे हवे आहे का? मूल नको म्हणाले तर त्याचे कारण ऐकावे. एका गोष्टीला अनेक बाजू असतात, हे अनेकांत सांगतो. मुलाच्या आयुष्याच्या बाबतीत त्यातील एक बाजू मुलाची आहे, हे घराघरांत विसरले जाते.

बाहेर ठेवलेल्या मुलाला रोज फोन करावा, पण पहिला प्रश्न परीक्षेचा नसावा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटावे. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, शाळेच्या वेळी वारंवार पोट दुखू लागले, मित्र सुटले, आवडीच्या गोष्टींत मन लागेना, 'माझा काही उपयोग नाही' असे ते बोलू लागले, तर त्याला आळस किंवा नाटक समजू नये. डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक घरात मुलांना दिसतील अशा जागी लिहून ठेवावेत. पैसे गेले, वर्ष गेले, तरी चालेल, तू घरी ये, हे वाक्य मुलाने आई-वडिलांच्या तोंडून एकदा तरी आधीच ऐकलेले असावे. संकटाच्या रात्री त्याला तेच आठवते.

गुणगौरवाच्या मांडवातील मागची रांग

समाज म्हणूनही एका गोष्टीचा विचार होणे उचित ठरेल. दरवर्षी समाजासमाजांतून गुणवंतांचा सत्कार होतो. ही प्रथा चांगली आहे. तिने अनेकांना उमेद दिली. परंतु त्याच मांडवात मागच्या रांगेत पंचावन्न टक्केवाला मुलगाही बसलेला असतो. पन्नास नावे पुकारली जातात आणि त्याचे नाव येत नाही. घरी जाताना कोणी तरी त्याला म्हणतेच, 'बघ, तो कसा चमकला!' त्या मुलाने वर्षभर आजारी आजोबांची सेवा केली असेल, वडिलांचे दुकान सांभाळून परीक्षा दिली असेल, नापास होऊन पुन्हा बसण्याचे धैर्य दाखविले असेल. अशा मुलांसाठीही त्या व्यासपीठावर जागा असावी. संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासिका चालावी, समाजातील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस तेथे बसावे, आणि वर्षातून दोनदा असा पालक मेळावा व्हावा, ज्यात मुलांनी बोलावे आणि पालकांनी ऐकावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प झाला, तरी तो इमारतीवरील नव्या मजल्याहून मोलाचा ठरेल.

क्षमा मागण्याचा दिवस

शेवटी एक छोटीशी गोष्ट. पर्युषण पर्वाच्या समाप्तीनंतर प्रत्येक घरातून शेकडो लोकांची क्षमा मागितली जाते. व्यापारातील माणसे, दूरचे नातलग, वर्षभर न भेटलेले परिचित, सर्वांना हात जोडले जातात. या यादीत स्वतःच्या मुलाचे नाव सहसा नसते. वर्षभरात ज्याला सर्वांत जास्त वेळा रागाने बोलले गेले, ज्याची दुसऱ्याशी तुलना झाली, ज्याचे म्हणणे अर्धेच ऐकून तोडले गेले, ते मूल त्याच घरात असते. आई-वडिलांनी त्या दिवशी मुलाजवळ बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून, 'वर्षभरात आमच्याकडून तुझे मन दुखावले असेल तर आम्हांला क्षमा कर,' असे म्हणावे. मूल प्रथम गोंधळेल. नंतर कदाचित काही सांगेल, जे त्याने कधीच सांगितले नव्हते. ते शांतपणे ऐकून घ्यावे.

ताराबाई मोडक आणि गिजुभाई यांनी 'या लेकराचे कसे होईल?' हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला, आणि त्यातून हजारो लेकरांचे भले झाले. प्रत्येक पालकाला संस्था काढावयाची नाही. त्याने आपल्या घरातील एका मुलाजवळ रोज अर्धा तास बसावे, त्याच्या शाळेचा रस्ता ओळखीचा करून घ्यावा, आणि त्याचा ताण आपल्या बागेइतक्याच काळजीने पाहावा. उद्या संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी दुकानातून थोडे लवकर उठून घरी गेले, तरी या मेळाव्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.